बाजूचं स्टूल

"मावशी, किल्ली तुमच्या कमरेला असली तरी खोली शाळेची आहे," संगणकाचे सर म्हणाले आणि पुन्हा हजेरीपटात डोकं घालून बसले.

मावशी म्हणजे शाळेच्या शिपाई. उद्या दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा, एका संगणकावर एकच मूल. त्यांची लेक त्याच वर्गात. तिला आज अर्धा तास सरावाला बसू द्या, एवढंच त्यांचं मागणं.

"अहो, तीन वर्षं शिकवलंय की तिला!"

"शिकवलंत हो. पण हात कधी लावू दिलात?"

बोलून मावशींनीच जीभ चावली. पण खोटं काय होतं त्यात? एका संगणकावर दोघी. जिच्या घरी संगणक ती खुर्चीत, माउस धरून. जिच्या घरी नाही ती बाजूच्या स्टुलावर, वही घेऊन. असा नियम कुणी केला नव्हता. तास पस्तीस मिनिटांचा, जिला येतं तिनं भराभर उरकायचं, म्हणून पडलेली ती रीत. लेक डॉक्टरांच्या मुलीशेजारी बसून सगळं टिपून घ्यायची. अर्धा वर्ग तिचीच वही उतरवून पास होत आला होता, बोला!

संध्याकाळी मावशी खोली झाडायला आल्या, तशी लेकही मागोमाग आली.

"आई, एकच चालू कर ना. पाच मिनिटं फक्त."

मावशींचा हात बटणापर्यंत गेला. काही बिघडलं तर? नोकरी गेली तर हिची शाळाच सुटेल. त्यांनी हात मागं घेतला आणि स्वतःचाच राग लेकीवर काढला.

"वही वाच! सगळं पाठ आहे तुला."

"पाठच आहे गं," लेक हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशी पाणी द्यायला दारात उभ्या होत्या. लेक आत गेली, आपल्या संगणकापाशी आली आणि सवयीनं स्टुलावर बसली. वही नव्हती, म्हणून हात मांडीवर.

बाहेरून आलेल्या परीक्षकबाई म्हणाल्या, "बाळ, कुणाची वाट बघतेस?"

वर्ग खो खो हसला. लेक खुर्चीत सरकली आणि तिनं माउस दोन्ही हातांनी धरला. मावशींना वाटलं, काल बटण दाबलं असतं तर!

सगळे गेल्यावर त्यांनी ते स्टूल उचललं आणि जिन्याखालच्या अडगळीत नेऊन टाकलं.

सकाळी नववीच्या तासाला एक मुलगी वही घेऊन उभीच होती.

"मावशी, इथलं स्टूल कुठं गेलं?" सरांनी विचारलं.

मावशींनी ते आणून दिलं, पुसून.