डुकरांचं आंबवण

हे लिहिणारच नव्हतो. डुकराच्या पिल्लांच्या हगवणीवर काय लिहायचं, अन् वाचणार कोण? पण एक शब्द डोक्यातून जाईना, म्हणून मोबाईलवर टायपतोय.

माझा दोस्त कल्याण. शेवगावच्या बाहेर त्याच्या वावरात डुकरांचं शेड हाय. धंदा नवा, म्हणून यंदाबी बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. जाताना म्हणाला, "गोरक्ष, ही पिल्लं जगली तर पुढच्या साली कोयता धरायचा न्हाई. सांभाळ."

मी व्हय म्हणालो. आमचं सायकलचं दुकान. दारात जनावर कधी न्हाई. डुकरांचं जे येतं ते व्हिडिओ बघून.

पिल्लं आईपासून तोडली अन् हगवण लागली. पाठी वर, पोटं आत, शेपट्या भरलेल्या. एक मेलं.

डॉक्टर आले, औषध दिलं. म्हणाले, "आईच्या दुधावरून एकदम सोयाबीनच्या पेंडीवर आणलंस. कोवळ्या पोटात अजून पुरेसं आम्ल नसतं. पेंड नीट पचत नाही, मग वाईट जंतू माजतात. पेंड कमी कर."

मग द्यायचं काय? कल्याणला फोन लावला. तो उसाच्या फडात. वारं, ट्रॅक्टर.

"आंबवण दे!" एवढं ओरडला अन् रेंज गेली.

आंबवण म्हंजी आंबवलेलं. सरळ हाय की! ड्रममध्ये मक्याचा भरडा, गव्हाचा भुस्सा, थोडीच पेंड, पाणी अन् वरून ताक. इडलीच्या पिठासारखं झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बुडबुडे. मी खूश.

तेवढ्यात कल्याणची आई, मनकर्णाकाकू आल्या. नाकाला पदर.

"आरं मेल्या, दारू गाळतो का काय?"

"आंबवण हाय काकू. कल्याणनंच सांगितलंय."

काकू हसत हसत खालीच बसल्या. "आरं, आंबवण म्हंजी धार काढताना म्हशीच्या म्होरं ठेवत्यात ते! भिजवलेली पेंड न् भुस्सा. ते आंबवत न्हाईत, शान्या!"

"मग त्याला आंबवण का म्हनत्यात?"

काकूंचं हसू थांबलं. "आता... सासू म्हनायची, आमी म्हनतो. कुनी इचारलंच न्हाई बाबा."

त्यांनी बोट बुडवून वास घेतला. "घान न्हाई, ताकावानीच हाय. पन लेकाची पिल्लं हायत. तुझ्या नादात मारू नगंस."

ते लागलं मला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "दह्यासारखा वास असेल तर चालेल. बुरशी दिसली किंवा कुजका वास आला तर फेकून दे. अन् सगळ्यांना एकदम देऊ नकोस."

मग शेडमध्ये मधोमध पत्रा लावला. औषध सगळ्यांना. अलीकडं माझं आंबट, पलीकडं तेच सामान, पण काकूंच्या रीतीनं बिनताकाचं, नुसतं भिजवलेलं. रोज सकाळी दोघं शेपट्या बघायला हजर. शेजारचा छगन म्हणायचा, "गोरक्ष्या, डुकरांना ताक अन् आमाला काळा चहा व्हय रं?"

आधी माझ्याकडची लेंडी घट्ट झाली. पिल्लं गव्हाणीवर ढकलाढकली करायला लागली. पलीकडची बरी होत हुती, पण दमानं. पत्र्याच्या फटीतून नाकं घालून इकडचा वास घ्यायची.

एक दिवस काकू म्हणाल्या, "काढ तो पत्रा."

"का हो?"

"माझीबी तिकडंच बघत्यात."

आता हे औषधानं झालं, पेंड कमी केल्यानं का ताकानं? मला खरंच म्हाईत न्हाई. औषध दोन्हीकडं हुतं, पेंडबी दोन्हीकडं कमीच, म्हणून ताकावर संशय जास्त. पण एका खेपेवरून काय कळतं? अन् तो शब्द! पूर्वी कुणीतरी आंबवत असणार, न्हाईतर त्यात आंबट आलं कुठून?

कल्याणचा फोन आला. सगळं सांगितलं.

"आरं येड्या, मी आंबवायला कवा सांगितलं?"

"तू शब्द सांगितला. अर्थ मी लावला."

तो हळूच म्हणाला, "जगली का पन?"

"ते एक गेलं. बाकी सगळी हायत. तुझी आई त्यांना नावं ठेवतीय आता."

तो हसला. नाक ओढल्याचाबी आवाज आला. "मग ते ड्रमातलं संपवू नको, गोरक्ष."

"न्हाई संपवत. रोज वाटीभर मागं ठेवीन, विरजणावानी. तू कोयता टाकून घरी येशील तवर ते मोडू देनार न्हाई. शब्द हाय माझा."