मुंजीची कॅसेट

निशिकांत माझा धाकटा भाऊ. सिंगापूरच्या टीव्हीसाठी तो देशोदेशी हिंडून बातम्या आणि माहितीपट करायचा. तो गेल्यावर तिथल्या यिशुन भागातल्या फ्लॅटमधल्या त्याच्या सगळ्या कॅसेटी एका संग्रहालयाने मागितल्या. दोन हजार चौदा साली संग्रहालयाच्या मिस लिम व्हॅन घेऊन आल्या.

"एकच मिळत नाही," त्या म्हणाल्या. "विद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्याची."

माझी भावजय नंदा खोक्यातल्या कॅसेटी पुन्हा मोजू लागली. त्या परदेश दौऱ्यावरून निशिकांत रिकाम्या हातांनी परतला, घाबरला, असं ऑफिसात म्हणत. तो कधी उत्तर देत नसे, आणि हेच नंदाला सलायचं.

"घरगुती कॅसेटी मी आत्ताच कारुंग गुनीवाल्याला देऊन टाकल्या," नंदाचा मुलगा अंकुर म्हणाला. म्हणजे भोंगा वाजवत जुनं सामान घेणारा. "बारसं, डोहाळजेवण, माझी मुंज."

त्याची मुलगी आर्या हसली. "पप्पा, तुमची मुंज झाली होती?"

"नाही. बाबांना ते पटायचंच नाही."

बोलता बोलता तो थांबला. "मग मुंजीची कॅसेट कुठली?"

"अरे गाढवा," नंदा म्हणाली, "विमानतळावर तपासणी होते. त्याने वर खोटं नाव घालून ती आणली असणार. पळ."

अंकुर अनवाणीच लिफ्टकडे धावला, मागून आर्या. मी आणि नंदा कठड्याला टेकून खाली बघत होतो. ढकलगाडी पुढच्या ब्लॉककडे वळली होती.

"वन्सं, हाक मारा. तुमचा आवाज मोठा आहे."

मी अशी हाक मारली की सात मजल्यांवरून माणसं बाहेर आली. गाडी थांबली.

मिस लिमनी आणलेल्या मशीनवर कॅसेट लावली. पडद्यावर कोणाच्या तरी मुंजीतला, गोटा केलेला मुलगा लाडू खात होता. नंदाचा चेहरा उतरला. अंकुरने बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," मी म्हटलं. "तपासणारा एवढंच बघणार."

लाडू संपला, पडदा काळा झाला, आणि मग रस्ता दिसला. हजारो मुलं, धूर, पळापळ. कॅमेरा हलत होता, पण मागे जात नव्हता. कॅमेऱ्यामागून निशिकांत मराठीत स्वतःलाच दटावत होता, "हलायचं नाही, निश्या. उभा राहा."

नंदाने माझा दंड घट्ट धरला.

शेवटी तो धापा टाकत म्हणाला, "पोरांचे चेहरे ओळखू येतायत. हे सरकार आहे तोवर कोणाला दाखवणार नाही. शब्द दिलाय."

अंकुरने ते मिस लिमना इंग्रजीत सांगितलं. त्या खुर्चीवरून उठल्याच.

"ते सरकार अजून आहे का?" नंदाने विचारलं.

"गेलं. बाबांच्या पाठोपाठच," अंकुर म्हणाला.

"मग दाखवा," नंदा म्हणाली. "आधी त्याच्या ऑफिसात दाखवा."