आजीचं नाव सांगायचं नाही

बेकरीत पावाच्या रांगेत उभी होते, तर मागून माझी नणंद पागोना कानाशी म्हणाली, "काय गं असिमिना, पोरगी म्हणे जहाजावर कप्तान होणार?"

हातातली पिशवी पडता पडता राहिली. माझ्या लेनिओला नौकानयनाच्या कॉलेजात जायचंय हे अख्ख्या आंद्रोस बेटावर दोघींनाच ठाऊक होतं, तिला आणि मला. घरात आम्ही तो विषयसुद्धा काढत नव्हतो. माझे सासरे समुद्रावर गेले ते परत आलेच नाहीत, आणि तेव्हापासून या घरातलं माणूस बोटीत बसतं ते फक्त अथेन्सला जाण्यापुरतं. म्हणून आम्ही मायलेकी सगळं फोनवर लिहून बोलायचो, मी औषधांच्या दुकानातून आणि ती घरातून. बापाला कधी आणि कसं सांगायचं, ते तिचं ती ठरवणार होती.

"कुणी सांगितलं तुम्हाला, ताई?"

"आपल्या माणसांचं आपल्याला कळतं. भावाला मी अजून बोलले नाहीये, लेओनार्दोसचं बीपी आधीच चढलेलं असतं. आणि कॉलेजचा फॉर्म चोवीस तारखेपर्यंत बदलता येतो म्हणे. पोरीचं मी बघते, तू काळजी करू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पागोनाताईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला या घरात आले त्याच आठवड्यात कळलं होतं. पण हा तीळ तिच्या तोंडात गेला कुठून?

लेनिओ ऐकून पांढरी पडली. "मी फोनचा पासवर्ड दोनदा बदललाय, आई."

"मग तुझ्या आत्याला काय स्वप्न पडलं?"

मी म्हटलं, परीक्षाच घेऊ. बावीस जुलैला सासूबाईंचा नावदिवस, म्हणजे ज्या संतिणीचं नाव त्यांना ठेवलंय तिचा सण. त्यांचं नाव माग्दालिनी. त्यांच्या तिन्ही मुलांनी रीतीप्रमाणे पहिल्या मुलीला आईचंच नाव दिलं, त्यामुळे आमच्याकडे चार माग्दालिनी आहेत. माझी लेनिओ त्यातलीच एक, लेनिओ हे आपलं हाक मारायला. नावदिवसाला कुणाला बोलवायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, गाव आपोआप येतं. दार बंद असतं ते फक्त त्या वर्षी घरात कुणी गेलेलं असलं तर. मी दुकानातून लेनिओला लिहिलं, "यंदा बावीसला दार बंद. आजीला घेऊन पोहायला जाऊ."

दोन तास झाले नसतील. पागोनाताई बदामाची पिशवी काखोटीला मारून दुकानात हजर.

"दार बंद ठेवायला मेलंय कोण या घरात?" तिने विचारलं. रक्तदाब मोजायला बसलेले पाद्री उगीच स्वतःच्या छातीकडे बघायला लागले.

"कुणी नाही, ताई. दार उघडंच आहे," मी म्हटलं. तिलाही कळलं की आपण काय बोलून बसलो, पण बदाम ठेवून ती ताठ मानेने गेली.

मग लेनिओला आठवलं. बारा वर्षांची असताना तिचा मेल आत्यानेच उघडून दिला होता, आपल्या वह्यापुस्तकांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. पासवर्ड तिनेच ठरवला, आणि फोन नंबर दिला तोही आत्याचाच. पोरीने तो मेल पुढे कधी उघडून बघितला नाही. पण तिच्या फोनवर येणाऱ्या प्रत्येक निरोपाची प्रत तिथे जात होती, आणि आत्या सकाळच्या कॉफीबरोबर ती वाचत होती. पाच वर्षं. आम्ही पुढच्या दाराचं कुलूप बदलत बसलो होतो आणि मागचं दार सताड उघडं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. वर कॉलेजचा फॉर्मही त्याच मेलला जोडलेला. म्हणजे "पोरीचं मी बघते" हे ती नुसतं बोलत नव्हती, तिला ते खरंच करता येत होतं.

लेनिओ मेलचा पासवर्ड बदलायला बसली. पहिला प्रश्न आला: तुमच्या आजीचं नाव काय?

मला हसावं की रडावं कळेना. आमच्याकडे आजीचं नाव म्हणजे नातीचंच नाव. ते गावातल्या मांजरांनासुद्धा माहीत आहे.

पुढची पायरी मात्र अडली. खात्रीसाठी मेलवाले एक आकडा पाठवणार होते, आणि तो जाणार होता आत्याच्या फोनवर.

"ती भांडी घासायला उठली की फोन उचलते मी," मी म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं खरं.

"नाही," लेनिओ म्हणाली. "चोरून घेतला तर तिच्यात आणि आपल्यात फरक काय? मी मागून घेणार. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर म्हणजे बाबांसमोर."

"हो. त्यांना आत्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे."

बावीसला अंगण भरलं. बदामाची मिठाई, मध घातलेली राकी दारू, खुर्च्या कमी पडल्या म्हणून पायऱ्यांवर बसलेली माणसं. सासूबाई मधोमध विधवेच्या काळ्या कपड्यांत बसून प्रत्येकाच्या शुभेच्छा घेत होत्या. लेनिओ उभी राहिली.

"आत्या, तुझ्या फोनवर आत्ता एक आकडा येईल. तो मला मोठ्याने वाचून दाखव."

"कसला आकडा?"

"माझ्या मेलचा. तू रोज वाचतेस ना, त्याचा." मग ती बापाकडे वळली. "बाबा, मी कप्तानाच्या कॉलेजचा फॉर्म भरलाय. पहिल्या क्रमांकावर तेच. हे मला तुम्हाला स्वतः सांगायचं होतं."

लेओनार्दोसने हातातला पेला खाली ठेवला.

"मी पोरीच्या भल्यासाठीच..." पागोनाताई भावाकडे वळली. "आपले बाबा गेले तेव्हा दोन वर्षं आई खिडकीतून हलली नव्हती. तू लहान होतास, लेओनार्दोस. मी बघितलंय."

पहिल्यांदा मला तिची दया आली. पण लेनिओ हात पुढे करून तशीच उभी होती. "भीती वाटते तर मला येऊन सांग ना, आत्या. वाचून काय करतेस?"

आत्याचा फोन वाजला. पागोनाताई आईकडे बघायला लागली.

"वाच," सासूबाई म्हणाल्या.

"सात... शून्य... चार, चार... नऊ, दोन."

लेनिओने आकडे टाकले, आत्याचा नंबर काढला, स्वतःचा घातला.

"हा फॉर्म बंद कधी होतो?" लेओनार्दोसने विचारलं.

"परवा."

"मग परवापर्यंत मला ओरडू दे," तो म्हणाला आणि पेला परत उचलला. फॉर्म बदल असं मात्र तो म्हणाला नाही.

शेवटी पुन्हा तोच प्रश्न आला, आजीचं नाव काय, पण आता उत्तर नवं ठेवायचं होतं. लेनिओने पडद्यावर हात आडवा धरला आणि काहीतरी लिहिलं. माग्दालिनी नव्हतं, बोटं भलतीकडेच चालली होती.

"काय नाव लिहिलंस गं माझं?" सासूबाईंनी विचारलं.

"ते सांगणार नाही, आजी."

म्हातारीने बदामाच्या मिठाईचा एक तुकडा नातीच्या हातावर ठेवला.

"नकोच सांगूस," ती म्हणाली. "पागोनाला हे तोंड माझ्याकडूनच आलंय."