माझा नकार

मी एक हार्ड डिस्क बोलतेय, जोडीतली पहिली. स्वस्थ बसणं मला ठाऊक नाही. १९८७ साली बोटीने मॉरिशसला आले आणि बो बासें गावातल्या मराठी मंडळाच्या कॉम्प्युटरमध्ये बसले. शेजारी दुसरी, अगदी माझ्यासारखी. एक बिघडली तरी दुसरीवर सापडावं, म्हणून प्रत्येक अक्षर दोघींवर लिहायचं. हे काम ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामचं. तो लिहिला होता तेर रूज गावच्या सुनयनाने. पोरगी हुशार, पण भारी घाईची.

आपल्यातलं कोण कुठल्या गावाहून जहाजात चढलं, हे म्हातारे तुलसीराम आजा आठवून आठवून सांगायचे. सत्यवतीकाकी ते चिठ्ठ्यांवर उतरवून घेत, मग टाइप करत. पूर्वजांची नावं कचऱ्यात कशी टाकायची? म्हणून विसर्जनाच्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या निर्माल्याबरोबर समुद्रात सोडल्या. मशीनने 'लिहिलं' म्हटलं होतं ना! पुढच्याच महिन्यात आजाही गेले.

आणि मी? माझ्या तबकडीचा एक पट्टा खराब होता. तिथे आलं की मी जीव तोडून सांगायची, 'नाही लिहिता आलं!' ड्रायव्हर आधी मला विचारायचा, मग दुसरीला, आणि फक्त शेवटचं उत्तर पुढे कळवायचा. ती म्हणायची, 'लिहिलं.' माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मार्चमध्ये छापायला म्हणून काकींनी यादी उघडली. वाचताना ड्रायव्हर फक्त मलाच विचारतो. बावीस घराण्यांच्या जागी कोरं! काकींनी सुनयनाला हाक मारली.

"सुनयना, दोगींची जुळनी करू काय? मग येतील न्हवं?"

जुळणी म्हणजे माझ्यावरचं सगळं दुसरीवर उतरवायचं. माझं कोरेपण तिच्यावर! त्यांचं बोट बटणाजवळ गेलं. मला ओरडताही येईना.

"काकी, पा तुसे! हात नका लावू," सुनयना धावली. "आदी बगू दे, कोन काय बोलतंय."

तिने आम्हा दोघींची उत्तरं वेगवेगळी छापून घेतली. माझा 'नाही' पहिल्यांदाच कागदावर उमटला. सुनयनाने कपाळाला हात लावला. "मो फोत, काकी. मशीनची नाय, माझी चूक."

मग तिने माझी वायर काढली आणि दुसरीला एकटीला विचारलं. एकेक करत बावीसच्या बावीस घराणी आली, गावांसकट. काकी मोठ्याने वाचत होत्या आणि रडत होत्या. माझ्या जागी नवी डिस्क आली, ड्रायव्हरही सुधारला.

आता मी कपाटावर पडून आहे. फिरणं थांबलं, ते अजून सोसत नाही. सुनयनाने माझ्यावर पेन्सिलीने लिहिलंय, 'खराब. वापरू नये.' मी जे सांगत होते तेच. तेवढं पुसू नका.