दुलारीचं सूप आणि पाठीवरचा शब्द

मी एक जुनं सूप आहे, मित्रांनो. कामठा गावात कन्हैयालालच्या पडवीत एका खिळ्यावर माझी जागा आहे. माझ्यात आता कोणी धान पाखडत नाही. माझ्या पाठीवर खडूनं लिहिलेला एक इंग्रजी शब्द आहे, आणि त्याला हात लावायची कोणाला मुभा नाही.

बुरडानं मला बांबूच्या कामट्यांनी विणलं. कन्हैयालालच्या बायकोनं, दुलारीनं, मला तिच्या माहेरच्या, सडक अर्जुनीच्या बाजारातून आणलं. तिच्या हातांत माझी दहा-बारा वर्षं गेली. पुढं माझ्या कामट्या सैल झाल्या, दाणे गळू लागले. असं सूप लोक उकिरड्यावर टाकतात. दुलारीनं मात्र कागदाच्या लगद्यात मेथी वाटून मला दोन्ही बाजूंनी लिंपलं, वरून चुलीची काजळी चोळली आणि माझा फळा केला.

ती बारावी शिकलेली होती. संध्याकाळी गल्लीतली पोरं पडवीत जमायची. आपल्या लोकांना सारखेच वाटणारे दोन इंग्रजी शब्द ती घ्यायची. एक माझ्या पोटावर लिहायची, दुसरा पाठीवर. हाताचं बोट ते फिंगर, मला उलटलं की पायाचं बोट, टो.

शेजारची उर्वशी एकदा धानाच्या शेतातून, बांधीतून, आली आणि म्हणाली, "आजी, आमच्या बांधीत राइस रोवला."

"राइस रोवला? मंग गिरणीवाला काय माशा मारून राहिला? बांधीत पॅडी असते वं. टरफल निघालं का मंग राइस."

पोरं हसली. खाटेवरून कन्हैयालालनं टोमणा मारला, "सुपात इंग्रजी पाखडून राहिली. फोल किती निघालं?"

"एकच. खाटेवर बसलं हाये," दुलारी म्हणाली.

असे दिवस होते.

गेल्या वर्षी धानाची रोवणी चालू होती. आदल्या संध्याकाळी तिनं माझ्यावर एक नवी जोडी लिहिली होती. सकाळी उजळणी घ्यायची म्हणून पुसली नव्हती. सकाळी कन्हैयालाल अंगणात पाण्याच्या मोटारीचा पाइप गुंडाळत होता. दुलारी पडवीत भिंतीला टेकून बसली.

"अजी, आयकता का? छातीत कसंतरी होऊन राहिलं."

"आयकून राहिलो न," तो म्हणाला. पाइप हातातच होता. "बाया बांधीत उभ्या हायेत. पाणी देऊन येतो."

तो दुपारी परत आला. ती तिथंच होती, माझ्या खाली, भिंतीला टेकून. मी सगळं पाहिलं होतं, मित्रांनो. पण सुपाला हाक मारता येत नाही.

तिच्या दहाव्याला त्याची बहीण अनुसयाबाई म्हणाली, "फुटकं सूप घरात ठेवू नये, दादा. वहिनीच्या लुगड्यांसंग देऊन टाक."

"राहू दे."

"कायले? काय कामाचं हाये ते?"

"तिचा हात हाये त्याच्यावर," तो म्हणाला.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. अक्षरं तिची आहेत एवढंच कळत होतं. त्यानं कोणाला मला शिवू दिलं नाही. पोरं यायची बंद झाली. माझ्यावर कोळ्यानं जाळं केलं, ते त्यानं लांबूनच फुंकर मारून काढलं.

दिवाळीच्या सुमारास उर्वशी अंगणात आली. त्यानं तिला जवळ बोलावलं.

"हे काय लिहिलं हाये, पोरी?"

"पोटावर हिअर हाये, आबाजी. पाठीवर लिसन."

"दोन्हीचा अर्थ काय?"

"दोन्ही आयकणंच. पण आजीनं फरक सांगितला होता. कोंबडा आरवला, आपल्या कानावर पडलं, ते हिअर. मायनं हाक मारली अन् आपण हातातलं खाली ठेवून वळलो, ते लिसन."

कन्हैयालाल खाली बसला. मग म्हणाला, "मी पोटावरचंच केलं वं."

उर्वशीला ते समजलं नाही. मला समजलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं खांद्यावरचा दुपट्टा ओला केला आणि माझ्या पोटावरचा शब्द स्वतः पुसला. पाठ पुसली नाही. उर्वशीच्या हातात खडू देऊन म्हणाला, "पोरायले बोलाव. मागचं राहू द्या."

आता मला एकच बाजू आहे. जोडीतला दुसरा शब्द पोरं जमिनीवर लिहितात. उर्वशी शिकवते. त्या वेळी कन्हैयालाल हातातलं काम ठेवून येतो आणि बसून राहतो. मागे बसलेलं एखादं लहान पोर पुटपुटलं तर म्हणतो, "थांबा रे, ते काय म्हणून राहिलं?" पोरं हसतात. तो हसत नाही.

दमट हवेत माझ्या पाठीवरची अक्षरं फिकी होत आहेत. त्यांवरून दुसऱ्या कोणी खडू फिरवू नये, असं त्यानं बजावलं आहे. एक दिवस ती जातील.

मित्रांनो, घरातलं माणूस हळू आवाजात काही सांगत असेल, तर हातातला पाइप खाली ठेवा. बांधीला पाणी थोडं उशिरा मिळालं तरी धान मरत नाही.