जशुभाईंचा खांदा

संपतराव मोहिते निजामपुऱ्यात राहायचे आणि एका कारखान्यातल्या कामगारांची बस चालवायचे. माणूस तापट, पण हात कधी कोणावर उचललेला नव्हता. एका दुपारी मात्र स्कूटर कुठे लावायची यावरून शेजारच्या जशुभाई पटेलांशी वाजलं. संपतरावांनी त्यांना ढकललं. जशुभाई पायरीवर आपटले आणि त्यांचा उजवा खांदा मोडला.

निकाल लागायला वर्ष गेलं. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने तुरुंगाऐवजी दोन वर्षं प्रोबेशनवर सोडलं. दर महिन्याला प्रोबेशन ऑफिसर निरुपमा मॅडमना भेटायचं.

"जशुभाई कसे आहेत?" मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं.

"माहीत नाही. ते दिसले की मी जिन्यातच थांबतो."

"भिंतीला भिंत लागून, आणि माहीत नाही?"

संपतरावांना फार लाज वाटली. घरी बायकोने, कांचनने, सांगितलं की खांद्याचं दुसरं ऑपरेशन झालंय, रोज सकाळी अलकापुरीत व्यायामाला जावं लागतं आणि रिक्षा वेळेवर मिळत नाही. पुढच्या भेटीत ते म्हणाले, "मॅडम, माझी दुपारची पाळी असते. जशुभाईंना व्यायामाला मी नेलं तर चालेल?"

"ते जशुभाईंनी ठरवायचं," मॅडम म्हणाल्या आणि स्वतः विचारायला गेल्या. जशुभाई दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांच्या पत्नी हंसाबेनच त्यांना म्हणाल्या, "जाओ ने हवे!" आणि जशुभाई जायला तयार झाले.

स्कूटरवर मागे बसलं की जशुभाईंना डाव्या हाताने संपतरावांचाच खांदा धरावा लागे. पहिले आठ दिवस कोणी बोललं नाही. नवव्या दिवशी गतिरोधक आला.

"धीमे, भाई!" जशुभाई कळवळले.

संपतरावांनी गाडी कडेला घेतली. "जशुभाई, माझं चुकलं. आजचं नाही, त्या दिवशीचं."

जशुभाई सावकाश गाडीवरून उतरले. मग म्हणाले, "चालो, चहा पिऊ."

चार महिन्यांनी जशुभाईंचा हात डोक्यापर्यंत जाऊ लागला. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने भांग पाडला आणि संपतरावांना दाखवायला दारात येऊन उभे राहिले.

मुदत संपताना मॅडमनी गल्लीत चौकशी केली. जशुभाई म्हणाले, "माणूस तापट छे, पण मनाचा चोख्खो."

मोकळं झाल्याचा कागद घेऊन संपतराव परतले, तेव्हा त्यांनी आधी जशुभाईंचं दार वाजवलं. हंसाबेननी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेवटी कांचनलाही तिकडेच बोलावून घेतलं.