जमिनीला लागलेला चौथा तुकडा

मित्रांनो, सात महिन्यांच्या कोणालाही तुम्ही म्हातारी म्हणणार नाही. मी मात्र म्हातारी आहे, आणि आता निरुपयोगीही. गाडीचा रंग साफ करणाऱ्या क्लेच्या वडीचा मी चौथा तुकडा. क्ले म्हणजे माती, असे तुम्हांला शाळेत सांगितले असेल. माझ्यात मातीचा कणसुद्धा नव्हता. एक कण शिरला तेव्हा काय घडले, ते सांगण्यासाठीच मी आज बोलते आहे.

कुठल्याशा कारखान्यात मला मऊ, निळी आणि किंचित चिकट घडवले गेले. डबीत बंद होऊन मी तुर्भ्याला नंदकिशोर शेठांच्या दुकानात आले. मळलेल्या गाड्या नव्यासारख्या करून देणे, हा त्यांचा व्यवसाय. तुर्भ्याच्या हवेत लोखंडाची बारीक भुकटी उडत असते. ट्रकच्या ब्रेकमधून, कारखान्यांच्या पत्र्यांवरून ती येते आणि गाडीच्या रंगात रुतून बसते. साबणाने धुतलेली गाडी डोळ्यांना स्वच्छ दिसते. पण पातळ प्लास्टिकची पिशवी हातात चढवून बॉनेटवर बोटे फिरवलीत, की खरखर कळते. तिथून पुढचे काम माझे. रंगावर साबणाचे पाणी फवारायचे, मला चपटी करायचे आणि हलक्या हाताने पुढे-मागे फिरवायचे. आधी खर्र असा आवाज येतो, मग तो विरत जातो आणि शेवटी काहीच ऐकू येत नाही. ती शांतता हेच माझे प्रगतिपुस्तक. दुसऱ्यांची घाण पोटात घेता घेता मी निळीची तपकिरी झाले. कौतुक अर्थात गाडीचे झाले.

आमच्या जातीला एकच नियम आहे. जमिनीला लागलेला तुकडा फेकून द्यायचा. त्यात खडा बसला, तर तोच हात आणि तेच पाणी रंग साफ करण्याऐवजी त्यावर रेघा ओढतात. म्हणून जाणती माणसे नव्या वडीचे चार तुकडे करतात. एक पडला, तरी बाकीचे शाबूत राहतात. शेठांनी हा नियम मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावला होता. भिंतीवर लावलेल्या नियमाची मौज अशी, की तो तिथे आहे एवढ्यानेच तो पाळला जात असल्याचे सर्वांना वाटू लागते.

माझ्या पहिल्या दोन बहिणी इमानाने झिजून संपल्या. तिसरीची गोष्ट वेगळी. शेठांचा पुतण्या मितेश दुकानातला वरिष्ठ कारागीर. त्याच्या हातून ती पडली, त्याने ती पँटला पुसली आणि गुपचूप डबीत ठेवली. मी डबीतून पाहत होते. दुसऱ्या दिवशी किसन नावाच्या कामगाराने तीच उचलली आणि एका चंदेरी गाडीच्या दारावर हातभर लांब रेघा उठल्या. मग चौकशी झाली. चौकशी म्हणजे शेवटचा हात कोणाचा होता एवढेच विचारणे, अशी तिथली न्यायपद्धती. किसन त्याच संध्याकाळी कायमचा घरी गेला. मितेशने त्याला चहा पाजला आणि निरोप दिला. तेवढी माणुसकी त्याच्याकडे होती.

किसनच्या जागी चंदा आली. बोनकोड्याची, चाळिशीची, घरात पगार आणणारी एकटीच. आईबरोबर ती बाजारातल्या ओट्यावर सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, विकायची. तो ओटा गेला, म्हणून ती इथे आली. शेठांनी तिला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवले आणि पहिल्याच दिवशी किसनची गोष्ट सांगून बजावले, "रंगावर एक रेघ दिसली, तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस." त्या तीन महिन्यांचा शेवटचा आठवडा चालू होता, तेव्हाची ही हकिगत.

जुईनगरच्या अरुणाबाई आपली काळी गाडी घेऊन आल्या होत्या. निवृत्तीनंतर गाडी शिकल्या आणि स्वतःच्या हिमतीवर घेतलेली ही पहिलीच. काळ्या रंगावर केसाएवढी रेघही लपत नाही, हे दुकानातले सगळे जाणत होते. चार वाजता गाडी देण्याचा शब्द शेठांनी दिला होता. नवी वडी दुसऱ्या दिवशी येणार होती. उरले होते ती मी एकटी.

तीन वाजता मितेशने मला डबीतून काढले, फोन वाजला म्हणून दुसऱ्या हातात घेऊ लागला, आणि मी निसटले.

मित्रांनो, कमरेच्या उंचीवरून जमिनीवर पडायला फार वेळ लागत नाही. पडले ती थेट ओल्या फरशीवर, जिथे गाड्यांच्या चाकांची रेती साचते. मितेशने आजूबाजूला पाहिले. चंदा पाठमोरी होती, शेठ बाईंशी बोलत होते. त्याने मला उचलले, पडलेली बाजू आत दुमडली, दोनदा मळले आणि चंदाच्या तळहातावर ठेवले.

"घे ताई, बॉनेट तू कर. मी काचा बघतो. टाइम नाय आपल्याकडे."

बघा, किती सफाईदार वाटणी. रेघ उठलीच असती, तर शेवटचा हात चंदाचा असता. मी ओरडू शकत नव्हते. चंदाने बॉनेटवर पाणी फवारले आणि मला चपटी करू लागली. रंगापासून मी चार बोटांवर होते. तिचा हात थांबला. तिने मला पुन्हा उलगडले, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये हळूहळू चेपत नेले.

"मितेश, यात काय तरी हाय."

"काय असणार? क्ले आहे ती."

"वालू हाय. बोटाला लागतंय."

"तुझी बोटं आहेत का दुर्बीण?" मितेश हसला. "चल, टेन्शन नको देऊस. काका बघतायत."

"वीस वर्सं सुकट निवडली मी. वालूचा कन डोल्यांना दिसत नाय, बोटाला कलतो. दाताखाली खडा आला, की गिऱ्हाईक परत येत नाय." तिने मला त्याच्यासमोर धरले. "हा तुकडा खाली पडला व्हता काय?"

"नाय पडला."

एवढे शुद्ध खोटे मी कुठल्याही गाडीवरून काढलेले नाही. ते साबणाने निघत नाही.

खुर्चीवरून अरुणाबाईंनी विचारले, "काही अडचण आहे का?" शेठ लगबगीने आले. त्यांनी मला पाहिले, घड्याळ पाहिले आणि आवाज खाली आणला. "चंदा, चार वाजता गाडी द्यायचीये. दुसरा तुकडा नाही. आहे त्याने कर."

"रेग उठली, तर कोनाची?"

"जो करतो, त्याची. हे तुला आधीच सांगितलंय."

चंदाने दाराकडे पाहिले. दारात शेठांची स्वतःची पांढरी गाडी उभी होती. दसऱ्याला घेतलेली; झेंडूचा सुकलेला हार अजून तिच्या नाकावर होता. चंदाने पाण्याची बाटली उचलली आणि ती त्या गाडीकडे चालू लागली.

"मंग शेठ, पयला हात तुमच्या गारीवर फिरवतंय. काय नाय झालं, तर बाईंच्या."

तिने फवारा मारला. बॉनेटवरून पाणी ओघळले. तिने मला खाली आणले, आणि या वेळी थांबली नाही.

"थांब," शेठ म्हणाले.

दुसऱ्याच्या रंगावरून तीन महिने न समजलेली गोष्ट माणसाला स्वतःच्या रंगावर अर्ध्या मिनिटात समजते. शेठांनी मला तिच्या हातातून घेतले, स्वतः उलगडले, नखाने चाचपले. बाजरीच्या कणीपेक्षाही लहान, काळा, धारदार खडा त्यांच्या नखावर आला. ते मितेशकडे वळले.

"पडला होता?"

मितेशने फरशीकडे पाहिले. "हातातून सटकला, काका. एकदाच."

"आनि किसनच्या वक्ताला?" चंदाने विचारले.

मग शेठांनी आपला फोन पुतण्यापुढे धरला. "किसनला लाव. तूच बोल. उद्यापासून ये म्हणून सांग, आणि का ते पण सांग."

मितेशला ते वाक्य तीनदा सुरू करावे लागले. "किसनभाऊ, त्या दिवशीचा तुकडा माझ्या हातून पडला होता." एवढेच. तीन महिने एका माणसाच्या घरची चूल ज्या वाक्याअभावी अडली होती, ते उच्चारायला एक श्वासही पुरा लागला नाही.

अरुणाबाईंना शेठांनी जाऊन खरे सांगितले. "मग उद्या आणते," त्या म्हणाल्या, "पण बॉनेट यांनीच करायचं," आणि त्यांनी चंदाकडे बोट दाखवले.

मला कचऱ्यात टाकायला हवे होते. नियमच तसा आहे. चंदाने मला नळावरच्या फळीवर ठेवले आणि तो खडा पुन्हा माझ्या अंगात रोवला. कामाला नवे कोणी आले, की ती त्याचे बोट माझ्यावर दाबते आणि विचारते, "लागतंय?" आता मी वाळले आहे, कडेने भेगाही पडल्या आहेत.

मित्रांनो, वस्तू जपा, असे तुम्हांला सगळेच सांगतील. माझे मागणे त्याहून लहान आहे. हातून वस्तू पडते. त्यात लाज नाही. पडली, तर तिथेच, त्याच क्षणी, मोठ्याने म्हणा, "पडली." तिची पडलेली बाजू आत दुमडून दुसऱ्याच्या तळहातावर ठेवू नका. प्रत्येक तळहाताला सुकट निवडण्याची सवय नसते.